रेवदंडा आणि कोर्लई

अलिबागेहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता सुमारें १७ किलोमीटरांवर एका जुन्या तटांतून आरपार जातो. हा रेवदंड्याचा कोट. तटाच्या आंत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आणि राहतीं घरें आहेत. प्रवासी बहुधा गाडींतूनच तट पाहतो आणि जंजिऱ्याच्या ओढीनें पुढें निघून जातो. त्यानें येथें निदान एक दिवस मुक्काम करावा.

रेवदंडा आणि त्यास लागून असलेलें चौल हीं एकाच प्राचीन बंदराचीं दोन अंगें होत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक सागरवर्णनांत आलेलें 'सेमुल्ला' बंदर तें हेंच, असें विद्वान मानतात. दहाव्या शतकांत अरब प्रवासी अल् मसूदी येथें येऊन गेला. वास्को द गामाच्याही आधीं, पंधराव्या शतकांत, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकावयाचा एक घोडा घेऊन याच बंदरांत उतरला. त्याचा स्मृतिस्तंभ २००२ सालीं येथील एका शाळेच्या आवारांत उभारण्यांत आला.

पोर्तुगीजांनीं १५२१ नंतर येथें कोट बांधला. १५७०-७१ मधील निजामशाही वेढ्यासही तो बधला नाहीं. अखेर १७४० सालीं तो तहानें मराठ्यांकडे आला. तिकडे मुंबई बंदर वाढत गेलें, तसा इकडील व्यापार आटत गेला. 'सातखणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्याचे आज कांहींच मजले शिल्लक आहेत.

तथापि त्या काळाचा सर्वांत जिवंत अवशेष खाडीपलीकडे आहे. कुंडलिकेवरील पूल ओलांडून पश्चिमेकडे वळलें म्हणजे समुद्रांत शिरलेला कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें आपसांत जी बोली बोलतात, तिला तीं 'नॉलिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज. क्रियापद मात्र मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येतें. राज्यकर्ते जाऊन पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी सुमारें हजार माणसांनीं ती राखिली आहे. देवघेव एकतर्फी झाली नाहीं. चावी, साबण, पगार, बटाटा हे शब्द आपणही पोर्तुगीजांपासूनच घेतले, आणि आज ते परके वाटत नाहींत.

या बोलीचा आधार चूल आणि अंगण एवढाच. मुलें शाळेंत मराठी शिकतात, आणि तें योग्यच आहे. परंतु मराठी येण्यासाठीं घरची बोली टाकावी लागत नाहीं, हें शिक्षकानें मुलांना सांगितलें पाहिजे. प्रवाशानेंही 'बोलून दाखवा' असा गमतीचा आग्रह धरूं नये. ती माणसें आहेत, प्रदर्शनांतील वस्तु नव्हेत. चार शब्द सहज कानीं पडले तर आदरानें ऐकावे. बुरूज ढासळला तरी त्याचे दगड जागेवर उरतात. बोली ओठांवरून गेली, म्हणजे मागें कांहींच उरत नाहीं.