अंदाज आणि आकडा



ज्या वास्तूत बाकावर बसून मी लॉगॅरिथमची कोष्टके चाळली, त्याच वास्तूत आज व्यासपीठावर उभे राहताना मन संकोचते. आपल्या गणिताच्या सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर विद्वानांनी हजेरी लावली आहे. मी विद्वान नव्हे. आयुष्याची उमेदीची वर्षे सैन्यात, तीही बरीचशी चांदमारीच्या मैदानावर, घालवलेला एक निवृत्त अधिकारी आहे. तेव्हा मला ठाऊक असलेल्या विषयावरच बोलावे हे बरे. लांब पल्ल्याची नेमबाजी आणि तिचे गणित करून देणारे, आजकाल मोबाईलमध्ये येणारे ॲप, हा माझा आजचा विषय. सरांच्या स्मृतीशी त्याचा काय संबंध, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

प्रथम आपल्या गावाचे एक ऋण मान्य करतो. भारतातील नेमबाजीची राष्ट्रीय संघटना 1951 साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचा जन्म 1888 साली याच बडोद्यात झाला. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी होणारी एक मोठी स्पर्धा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे मराठी मुलामुलींनी या खेळात जे केले ते सर्वश्रुत आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले.

पन्नास मीटर म्हणजे शाळेच्या पटांगणाएवढे अंतर. तेवढे पार करायला पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाचा सुमारे सहावा भाग घेते. तेवढ्या अवधीत ती किती खाली येते? नववीचा विद्यार्थी हे सूत्राने काढील: सुमारे साडेबारा सेंटिमीटर. आणि दहा गुणांचे वर्तुळ केवढे? जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे वर्तुळाच्या बारापट गोळी खाली येते, तरी नेमबाज मध्य साधतो. कारण अंतर ठरलेले असते, परीक्षणाच्या गोळ्या आधी झाडता येतात आणि रायफलची दृष्टी त्यानुसार बांधून घेता येते. तेथे गणकयंत्राचे काम नाही.

अंतर वाढले की मात्र सारा खेळ पालटतो. सैन्यातील 7.62 मिलिमीटरची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 800 मीटर वेगाने सुटते असे धरा. हवा नसती, तर 900 मीटर जाईतो ती साधारण 6 मीटर खाली आली असती. प्रत्यक्षात ती सुमारे 10 मीटर खाली येते. हा जो फरक आहे, तो सगळा हवेचा आहे. गोळी लक्ष्याला पोचते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक वेग हवेने खाल्लेला असतो.

हे माणसाला समजायला दोन शतके लागली. तोफेचा गोळा वक्र मार्गाने जातो हे 1537 साली इटलीतील तार्ताल्याने मांडले. गॅलिलिओने 1638 साली तो मार्ग पॅराबोला असल्याचे सिद्ध केले, पण निर्वातात. हवेचा विरोध खरोखर किती, हे मोजले इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने. जड लाकडी लंबकावर गोळी झाडायची, लंबक किती हलला ते पाहायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, अशी त्याची युक्ती. 1742 साली त्याचा ग्रंथ निघाला. तीनच वर्षांत थोर गणिती ऑयलरने टीपांसह तो जर्मनमध्ये नेला. आणि हा रॉबिन्स शेवटी कोठे निवर्तला? आपल्या हिंदुस्थानात, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये, 1751 साली. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या कामासाठी आणले होते. या शास्त्राच्या जनकाची राख-माती आपल्याच किनाऱ्यावर मिसळली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

वेग बदलतो तसा हवेचा विरोधही बदलतो, म्हणून एका सूत्रात उत्तर मिळत नाही. मार्गाचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस वेग किती उरला ते काढायचे आणि त्यावरून पुढचा तुकडा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हे काम प्रामुख्याने गणित शिकलेल्या तरुणी करीत. एका मार्गाच्या हिशेबाला टेबलावरच्या यंत्राने सुमारे वीस तास लागत. हाच भार हलका करण्यासाठी एनिॲक हा प्रचंड संगणक उभारला गेला. 1946 साली तो जगापुढे आला तेव्हा तेच काम तो अर्ध्या मिनिटात करू लागला. त्याला कामाला लावणाऱ्या पहिल्या सहा जणी याच गणक तरुणींपैकी होत्या. आज शर्टाच्या खिशातला मोबाईल ते काम डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो. हिशेबाची रीत मात्र तुकड्या-तुकड्यांचीच राहिली आहे.

हे ॲप काय काय विचारते? गोळीचे वजन, तिचा सुटतानाचा वेग, हवा कापण्याची तिची क्षमता दाखवणारा गुणांक, नळीपासून दुर्बिणीची उंची, कोणत्या अंतरावर दृष्टी बांधली ते अंतर, मग लक्ष्याचे अंतर, तापमान, हवेचा दाब, वारा. उत्तर एवढेच देते की दुर्बिणीवरची फिरकी वर किती आणि बाजूला किती फिरवायची. उत्तर दशांशात येते, आणि दशांश चिन्ह पाहिले की माणसाची मान आपोआप झुकते.

पण प्रत्येक रकान्यात एकेक खड्डा आहे. सुटतानाचा वेग काडतुसाच्या खोक्यावर छापलेला असतो. तो कारखान्याच्या नळीतला वेग, तुमच्या नळीतला नव्हे. त्यात सेकंदाला दहा मीटरची चूक झाली, तर 900 मीटरवर गोळी सुमारे पाव मीटर वर-खाली होते. गुणांकाचेही तसेच. तो एका प्रमाण गोळीच्या तुलनेत काढतात आणि अशा प्रमाण गोळ्या एकाहून अधिक आहेत. एकीचा आकडा दुसरीच्या रकान्यात घातला की उत्तर बिघडते. हवेचा दाब हा तर फसवा रकाना. हवामानाच्या बातमीत येणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंच, म्हणून येथे बिघडत नाही. पण पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या गावी तोच आकडा जागेवरचा दाब म्हणून भरला, तर हवा आहे त्याहून सहा टक्के दाट धरली जाते. आणि विद्यार्थ्यांना एक कोडे घालतो: दमट हवा जड की कोरडी? आपल्याला दमट हवा जड वाटते. खरे तर पाण्याचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो, म्हणून त्याच तापमानाला व दाबाला दमट हवा किंचित विरळ असते.

राहिला वारा. ताशी दहा किलोमीटरची आडवी झुळूक 300 मीटरवर गोळीला सुमारे चौदा सेंटिमीटर ढकलते, तर 900 मीटरवर जवळपास दीड मीटर. अंतर तिप्पट, पण सरकणे दसपट. हवेमुळे गोळीला जेवढा उशीर होतो, त्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणले की हे सरकणे मिळते. आणि उशीर अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार वेगाने वाढतो. आता हा वारा ॲपला सांगायचा कोणी? हातातले वायुमापक फक्त आपल्या पायाखालच्या जागेचा वारा मोजते. मध्यावर काय आहे, लक्ष्यापाशी काय आहे, ते डोळ्यांनीच वाचावे लागते: निशाणाच्या फडफडीवरून, गवताच्या वाकण्यावरून, दुर्बिणीत दिसणाऱ्या मृगजळाच्या तरळण्यावरून.

बडोद्याच्या मुलांना हे सांगायला नको. उत्तरायणाला सयाजीगंजातल्या गच्च्यांवर आपण हेच शिकलो. गच्चीवर पान हलत नाही आणि वर पतंग मांजा ओढतो आहे. स्टेशनच्या बाजूचा पतंग एकीकडे झुकतो आणि कमाटीबागेवरचा दुसरीकडे. वारा एक नसतो, थरांचा आणि पट्ट्यांचा असतो, हे ज्ञान मला सैन्यात जाण्याआधी याच गल्ल्यांनी दिले.

आता सरांकडे येतो. सरांचा एक नियम होता. गणित सोडवण्याआधी वहीच्या समासात अंदाज लिहायचा, मग आकडेमोड. अंदाज नसेल तर बरोबर उत्तरालाही अर्धेच गुण. आम्हाला तो जुलूम वाटे. एकदा माझ्या उत्तरात पायी चालणारा गृहस्थ ताशी साठ किलोमीटर वेगाने स्टेशनावर पोचला. सर रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, मग याला गाडी पकडायची गरजच काय? तसाच जाऊ दे की मुंबईला.” सारा वर्ग हसला. मीही हसलो, आणि पुढे विसरलो.

काही वर्षांपूर्वी एका पथकाच्या सरावाला मला जुना जाणता म्हणून बोलावले होते. मैदान 900 मीटरचे. मी हौसेने नवे ॲप घेऊन गेलो होतो. साताऱ्याकडचा एक तरुण जवान रायफलमागे पडला होता. मी आकडा वाचून दाखवला, त्याने फिरकी लावली, गोळी सुटली आणि लक्ष्याच्या बरीच खाली माती उडाली. तो म्हणाला, “साहेब, गोळी खाली जातेय. मी माती बघितली.” मी म्हणालो, “यंत्र चुकत नाही. घोडा दाबताना तुझा हात हलला.” दुसरी गोळी तशीच गेली. तिसरीही. मी चार जणांदेखत त्याला बोललो. दुसऱ्या दिवशीच्या यादीतून त्याचे नाव माझ्या शब्दाखातर निघाले.

रात्री खोलीवर झोप येईना. शेवटी उठलो आणि, पन्नास वर्षांनी, कागदाच्या समासात अंदाज मांडला. 900 मीटरला दहा मीटर घट, त्यातून दृष्टी बांधण्याचा भाग वजा केला, तर फिरकी हजारी साडेदहाच्या आसपास हवी. ॲपने सांगितले होते नऊच्या थोडे वर. मग लक्षात आले. अंतराच्या रकान्यापुढे बारीक अक्षरांत ‘यार्ड’ होते. नऊशे यार्ड म्हणजे 823 मीटर. यंत्राने 823 मीटरचे अगदी अचूक उत्तर दिले होते, आणि गोळ्या नेमक्या तेवढ्याच, सव्वा मीटर खाली पडल्या होत्या. तिन्ही गोळ्या एकाच ठिकाणी पडल्या होत्या, हे त्या मुलाच्या स्थिर हाताचे प्रमाणपत्र होते. ते माझ्या डोळ्यांसमोर असून मला वाचता आले नव्हते.

सकाळी पथकप्रमुखांना गाठले आणि सर्वांसमोर त्या मुलाची क्षमा मागितली. त्याचे नाव यादीत परत आले. पण त्याने दिलेले उत्तर मला आजही टोचते. तो म्हणाला, “साहेब, रात्री मला पण वाटाय लागलं, माझाच हात हलला असंल.” त्याने माती उडालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, तरी माझ्या आणि यंत्राच्या शब्दापुढे तो आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवू लागला होता. माझी खरी चूक यार्डाची नव्हती. चूक ही, की खऱ्या पाहणाऱ्याला मी खोटे पाडले.

यंत्राला नावे ठेवण्यासाठी मी आज आलेलो नाही. ते ॲप मी अजूनही वापरतो. वीस तासांचे कष्ट वाचवणारी वस्तू टाकून देणे हा शहाणपणा नव्हे. आणि ज्या नगरीत 1890 साली कलाभवन निघाले, लोकांच्या भाषेतून यंत्रविद्या शिकवण्याचा प्रयत्न झाला, त्या नगरीच्या व्यासपीठावरून तर असे बोलणे शोभणारही नाही. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न बरोबर विचारला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी माणसाची. आणि रायफलच्या बाबतीत ती जबाबदारी अधिकच जड, कारण सुटलेली गोळी माघारी बोलावता येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हाती आमच्यापेक्षा फार समर्थ यंत्रे आली आहेत. ती गणित सोडवतील, निबंधही लिहून देतील. त्यांना खुशाल विचारा. पण विचारण्याआधी समासात आपला अंदाज लिहा. तो चुकला तरी चालेल; चुकलेला अंदाज आपल्याला शिकवतो, न केलेला अंदाज काहीच शिकवत नाही. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, एखादा विद्यार्थी उभा राहून म्हणाला की “मी माती पाहिली”, तर हातातल्या आकड्याकडे पाहण्याआधी एकदा मातीकडे पाहा.

सरांनी अंदाज नसलेल्या माझ्या कितीतरी उत्तरांचे अर्धे गुण कापले. त्या गुणांचा हिशेब मला सत्तरी गाठताना कळला.