दूषित भूमी आणि सरकारी खजिना

(रेडिओवरील भाषण)



सह्याद्रीच्या कड्यांवर कोसळलेला पाऊस शास्त्री आणि सोनवी या दोन नद्यांच्या मार्गाने खाली उतरून संगमेश्वरी एकत्र होतो आणि पुढे जयगडच्या खाडीतून समुद्रास मिळतो. एके काळी याच मार्गाने माल भरलेली गलबते थेट संगमेश्वरच्या बंदरापर्यंत येत असत. पुढे नदीचे पात्र गाळाने भरत गेले, ती वाट बुजली, आणि आता पावसाळ्यात पाणी बाजारपेठेच्या पायऱ्यांना लागू लागले की गाळ उपसण्याची मागणी नव्याने होते. ती मागणी रास्तच आहे. गाळ डोळ्यांना दिसतो, त्याची ब्रासात मोजणी होते, त्यासाठी सरकारदरबारी अर्ज करता येतो आणि यथावकाश मंजुरीही मिळते. जमिनीच्या पोटात उतरलेले रासायनिक विष मात्र कोणास दिसत नाही, म्हणून त्यासाठी कोणी अर्जही करीत नाही. असे विष काढून ती जमीन पुन्हा माणसांच्या उपयोगी आणावयाची झाल्यास तो खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

संगमेश्वराहून महामार्गाने उत्तरेस निघाले, चिपळूण मागे टाकले आणि परशुरामाचा घाट चढून वर गेले, की खेड तालुक्यातील लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत लागते. रासायनिक कारखान्यांची ही वसाहत आपल्या जिल्ह्याच्या औद्योगिक जीवनात महत्त्वाची आहे, हे कोणीही नाकारणार नाही. तेथील सांडपाणी एकत्र करून शुद्ध करण्याचे सामुदायिक केंद्र आहे आणि तेथून सोडलेले पाणी दाभोळच्या खाडीस मिळते. केंद्र सरकारने २०१० साली प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने येथे भेट दिली, आणि २०११ सालच्या अहवालात जे नमूद केले ते वाचून मन विषण्ण होते. सांडपाण्याचा भार त्या केंद्रास पेलत नव्हता. दूषित पाणी कोतवली गावच्या ओढ्यात उतरत होते. आणि या नित्याच्या छळास विटून गावच्या सरपंचाने त्याच ओढ्याचे पाणी पिऊन प्राण देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना मुंबईस नेऊन वाचवावे लागले. वसाहतीने सुमारे ११,००० लोकांना काम दिले, तर खाडीतील मासळी गेल्यामुळे २०,००० लोकांची उपजीविका बुडाली असे मच्छीमारांचे म्हणणे आहे, हा हिशेबही प्रा. गाडगीळांनी पुढे अनेकदा लोकांसमोर मांडला.

त्या अहवालातील आणखी एक नोंद माझ्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची आहे. कोणा अज्ञात इसमाने विषारी द्रव्याचा टँकर आणून खेड शहरास पाणी पुरविणाऱ्या बोरज धरणात रिकामा केला. शहराचा पाणीपुरवठा कित्येक महिने बंद ठेवावा लागला. आणि या अपराधाबद्दल कोणासही शासन झाले नाही. अपराधी सापडला नाही, म्हणजे भरपाई कोणाकडून मागावयाची हेही ठरले नाही. तहानलेल्या शहराने मात्र तोवर काय करावे?

हा प्रश्न खेडचा आहे, आमचा नाही, असे संगमेश्वरकरांनी समजू नये. आमच्या तालुक्यात रसायनांची मोठी वसाहत नाही हे खरे; पण तोच महामार्ग आमच्या दारावरून जातो, टँकरास तालुक्याची हद्द अडवीत नाही, आणि आमच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, काम संपून उघड्या पडलेल्या चिरेखाणी आहेत. जांभ्याचा ताजा तासलेला चिरा जवळून पाहिला, तर त्यात वेड्यावाकड्या नळ्यांसारखी छिद्रे आरपार गेलेली दिसतात, कित्येकांत पिवळी माती भरलेली असते, आणि वर ओतलेले तांब्याभर पाणी पाहता पाहता आत नाहीसे होते. सारा सडा असाच आहे. त्यावर पडलेला पाऊस या छिद्रांतून खाली जातो, जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो, आणि जेथे हा थर डोंगराच्या उतारावर उघडा पडतो तेथे झरा होऊन बाहेर येतो. त्या झऱ्याचा पऱ्या होतो, आणि पऱ्याच्या काठी वाडी वसते. वैशाखात ज्या विहिरीच्या तळाशी हंडाभर पाणी उरते, ते पाणी सड्यावरूनच आलेले असते. अशा सड्यावरील खाणीत कोणी रात्री चार पिंपे रसायन ओतून गेला, तर ते खाणीतच राहील अशी आशा कोणी करावी? काळ्या चिकण मातीच्या देशावर विष जेवढे सावकाश पसरते, तेवढा अवधी कोकणची भूमी देत नाही, आणि म्हणूनच खर्च कोणाचा या वादात वर्षे घालविणे आपणांस इतरांपेक्षा अधिक महाग पडणार आहे.

ही वर्षे कशी जातात, याचे उदाहरण राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी या गावाने देशापुढे ठेवले आहे. तेथे १९८७ च्या सुमारास एच-ॲसिड नावाचे रंगधंद्यातील रसायन तयार होऊ लागले. उत्पादन फार काळ चालले नाही. पण मागे राहिलेला चिखल सुमारे २,४०० टनांचा होता, आणि तो पावसाबरोबर मुरून विहिरींचे पाणी काळपट-तांबडे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या फेब्रुवारीत निकाल दिला की ज्याने भूमी नासविली त्यानेच ती शुद्ध करण्याचा खर्च दिला पाहिजे. हे तत्त्व आपल्या कायद्यात या निकालाने दृढ झाले, आणि त्याबद्दल त्या न्यायमूर्तींचे ऋण आपण मानले पाहिजे. परंतु शुद्धीकरणासाठी ठरलेली सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपयांची रक्कम भरण्याचे टाळून कारखानदाराने अर्जांमागून अर्ज केले, आणि २०११ साली न्यायालयास चक्रवाढ व्याजासह वसुलीचा हुकूम द्यावा लागला. पंधरा वर्षे निकाल कागदावर राहिला, आणि विहिरी होत्या तशाच राहिल्या.

यास्तव माझे म्हणणे असे आहे की दूषित भूमी शुद्ध करण्याचा पहिला पैसा सरकारी खजिन्यातून खर्च झाला पाहिजे, आणि दोषी कोण, त्याच्याकडून किती वसूल करावयाचे, हा व्यवहार मागाहून चालला पाहिजे. अपघातात सापडलेल्या माणसाचे रक्त आधी थांबवावे आणि पंचनामा नंतर करावा, हे आपण रस्त्यावर जाणतो. जमिनीच्या बाबतीत मात्र पंचनाम्याचे कागद पुरे होईपर्यंत रक्त वाहू देतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. नफा कारखानदाराने घ्यावा आणि सफाईचा भार भात लावणाऱ्या शेतकऱ्याने कररूपाने उचलावा, हा कोठला न्याय? हा न्याय नव्हेच. पण खजिन्याने हात आखडता घेतला, तर भार करदात्यावर पडत नाही एवढेच होते. तो त्या एका वाडीवर, तिच्या विहिरीवर आणि तिच्या मुलाबाळांवर पडतो. तेव्हा भार वाटून घेणे भाग आहे, आणि तो पुढे योग्य माणसाच्या खाती नेता येईल अशी तजवीज आरंभीच करून ठेवणे अवश्य आहे.

केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा या तजविजीचा थोडाफार पाया घातला गेला. देशात अशी १०३ स्थळे निश्चित झाली होती आणि त्यांपैकी अवघ्या सातांवर प्रत्यक्ष काम सुरू झालेले होते, एवढ्यावरून या नियमांची निकड कळावी. त्यांनुसार संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने वा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यावयाची आहे, आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करून पुढील तीन महिन्यांत सविस्तर परीक्षा करावयाची आहे. दोषी सापडला तर खर्च त्याचा. तो सापडला नाही, वा त्याची ऐपत उरली नाही, तर ते स्थळ बेवारस समजून केंद्र आणि राज्य शासनांनी मिळून ते शुद्ध करावयाचे. बोरजसारखा प्रसंग आज घडला, तर त्यास काही वाट आहे. पण स्थळ दूषित ठरल्यानंतर ते अमुक वर्षांत शुद्ध झालेच पाहिजे, असे बंधन या नियमांत नाही, आणि मला ही उणीव फार मोठी वाटते. मुदतीवाचून दिलेले आश्वासन सरकारी दप्तरात किती काळ निजून राहते, हे कोकणच्या माणसास निराळे सांगावयास नको.

पैसा कोठून यावा, याचाही अनुभव आपल्यापाशी आहे, आणि तो कडू आहे. २०१० साली कोळशावर दर टनास ५० रुपये उपकर बसवून स्वच्छ ऊर्जेचा राष्ट्रीय निधी उभा केला गेला; दूषित स्थळांच्या शुद्धीकरणास त्यातून साहाय्य द्यावे असेही ठरले. २०१६ पर्यंत हा उपकर ४०० रुपयांवर गेला. पण २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि कोळशावरील उपकराचे उत्पन्न राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळविण्यात आले. अमेरिकेत याहून फार निराळे घडले नाही. नायगारा धबधब्याच्या शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या जुन्या कालव्यात एका कंपनीने हजारो टन रसायने पुरली आणि १९५३ मध्ये ती जागा एक डॉलर घेऊन शाळेच्या मंडळास देऊन टाकली. पंचवीस वर्षांनी तेथील घरांच्या तळघरांत विष पाझरू लागले, तेव्हा १९८० साली कायदा होऊन रसायन आणि तेलाच्या धंद्यावरील करातून मोठा निधी निर्माण झाला. ‘सुपरफंड’ म्हणून तो ओळखला जातो. १९९५ च्या अखेरीस त्या कराची मुदत संपली, संसदेने ती वाढविली नाही, आणि पाव शतकाहून अधिक काळ भार सामान्य महसुलावर राहिला. २०२१ आणि २०२२ च्या कायद्यांनी ते कर पुन्हा बसले. निधीस स्वतःचे, कायद्याने बांधलेले उत्पन्न हवे, आणि ते दुसरीकडे वळविण्याचा मोह अर्थखात्यास होणार नाही अशी कुंपणाची तरतूदही हवी.

निधीबरोबर वसुलीचाही विचार वेळेवर हवा. इटलीतल्या व्हिचेन्झाजवळ त्रिस्सीनो येथे मितेनी नावाचा कारखाना होता. निसर्गात विघटन न पावणाऱ्या, ‘पीफास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रसायनांनी त्याच्या परिसरातील भूजल नासले आणि लक्षावधी लोकांच्या पिण्याच्या पाण्यास त्याची झळ पोचली. २०१८ साली कारखान्याने दिवाळे काढले. २०२५ च्या जूनमध्ये तेथील न्यायालयाने त्याच्या चालकांपैकी अकरा जणांना दोषी ठरविले. त्या कारखान्याची जुनी यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि समुद्र ओलांडून आपल्या लोट्याच्या वसाहतीत आली. यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले. खालच्या जमिनीस मात्र कोण घेणार? लोट्यात जे उत्पादन होईल ते सुरक्षित असेल की नाही, याची शहानिशा प्रदूषण नियंत्रण मंडळाने कसोशीने करावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत, गावचावडीवर लावावेत. परंतु या वृत्तांतातून खजिन्याच्या रक्षकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की दिवाळखोरीनंतर वसुलीस हात घालण्यात अर्थ नसतो, आणि म्हणून परवाना देतानाच कारखान्याकडून शुद्धीकरणाची अनामत घेऊन ठेवली पाहिजे.

वसुलीचे दुसरे साधन आपल्या शासनाच्या हाती पूर्वापार आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. म्हणजे जमिनीची मालकी जनतेकडेच राहते, आणि भाडेपट्टा एका हातून दुसऱ्या हाती जाताना महामंडळाची परवानगी लागते. त्याच क्षणी मातीची आणि भूजलाची तपासणी सक्तीची करावी. खासगी जमिनीवर सरकारने शुद्धीकरणासाठी जो खर्च केला असेल, त्याचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवावा. बँकेचा बोजा चढतो तसा हाही चढेल, आणि पुढे ती जमीन बिनशेती होऊन तिच्यावर गाळे किंवा इमारती उठल्या व तिचा भाव वाढला, तर वाढलेल्या किमतीतून खजिन्याचा पैसा परत येईल. अमेरिकेने २००२ साली केलेल्या कायद्यात याच जातीची तरतूद आहे. मुंबईत देवनारच्या कचराभूमीवरील डोंगर सार्वजनिक पैशाने साफ करून ती जागा धारावीच्या पुनर्विकासास देण्याचे घाटत आहे. तेथेही सफाईचा खर्च महापालिकेचा आणि भूमीच्या वाढलेल्या मोलाचा लाभ दुसऱ्याचा, असे होऊ नये एवढी दक्षता शासनाने घेतली पाहिजे. माझ्या मते, परत आलेल्या पैशातील काही हिस्सा, ज्यांच्या विहिरी नासल्या त्या गावाच्या पाणीयोजनेस आधी मिळावा, आणि उरलेला खजिन्यात जमा व्हावा.

हे सारे दिल्लीत आणि मुंबईत ठरावयाचे असले, तरी यादीचा आरंभ गावातूनच होतो. संशयित जागेची दखल नागरिकांच्या तक्रारीवरूनही घेता येते, असे नव्या नियमांत आहे. म्हणून आमच्या तालुक्यातील ग्रामपंचायतींस माझी विनंती आहे, की पुढील ग्रामसभेत उघड्या चिरेखाणींची, बंद पडलेल्या गोदामांची आणि ओढ्याकाठच्या संशयित खड्ड्यांची गटक्रमांकांसह नोंद करावी. जवळच्या विहिरी कोणत्या, पाण्यास वास वा रंग कोणत्या महिन्यात येतो, मासे वा गुरे दगावल्याचे कोणी पाहिले असल्यास केव्हा, आणि रात्री टँकर येत असल्यास त्याचा क्रमांक, हे त्यात लिहावे. विहिरीचे पाणी तपासावयाचे असेल तर एक नमुना पावसाळ्यापूर्वी आणि एक पहिल्या पुरानंतर घ्यावा, कारण या दोन वेळी पाण्याची अवस्था निराळी असते. हा ठराव जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांसही पाठवावा, दोन्हीकडची पोच घ्यावी, आणि सहा महिन्यांनी जिल्ह्याची यादी निघेल तेव्हा आपल्या गटाचा क्रमांक तीत आहे की नाही हे मामलेदार कचेरीत जाऊन पाहून यावे.