सूर्याची सामाईक ठेव

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा महामार्ग मानेसरला पोहोचतो, तेव्हा मोटारींचे कारखाने नजरेत भरू लागतात. याच गुरुग्राम जिल्ह्यात, अरवलीच्या परिसरात, ग्वाल पहाडी नावाचे ठिकाण आहे. तेथे आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय आहे. 2015 साली पॅरिसच्या हवामान परिषदेत भारत व फ्रान्स यांनी तिची घोषणा केली आणि 2017 च्या डिसेंबरात तिचा करार अमलात आला. आरंभी ती कर्क व मकर या वृत्तांमधील देशांपुरती होती. पुढे तिचे द्वार सर्वांना खुले झाले.

यांतील अनेक देशांची भाषा निराळी, धर्म निराळा. साम्य एवढेच की, ऊन विपुल आणि भांडवल तुटपुंजे. एखाद्या लहान राष्ट्राने एकट्याने पंप मागितले, तर विक्रेता सांगेल ती किंमत. अनेकांनी मागणी एकत्र केली, तर किंमत उतरते. महाराष्ट्राला हे नवे नाही. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला, तो याच हिशेबावर.

मात्र सहकारात शिरणे सोपे, टिकणे अवघड. अमेरिका 2021 मध्ये आघाडीत आली आणि 2026 च्या जानेवारीत तिने बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. बलाढ्याला वेगळे होणे परवडते. दुर्बळाला परवडत नाही. म्हणून आघाडीची कसोटी सभासदांच्या संख्येवर लागणार नाही. दूरच्या एखाद्या कोरड्या शेतात पाणी पोहोचले की नाही, यावरच ती लागेल.