मुलाचं पुढे काय झालं?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, कीर्तनकार बोलले. आम्ही पडलो डिप्लोमावाले. गुजरात सरकारच्या इमारत खात्यात वीस वर्षं स्लॅब मोजत आलो. तरीही कार्यवाहांनी आग्रह धरला, कारण आमच्या घरात गेली काही वर्षं काय चाललंय ते त्यांना ठाऊक आहे. विषय घरचाच आहे, पण सुरुवात कामावरून करतो.

काँक्रीट ओतताना आम्ही दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवतो. ते पाण्यात बुडवायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे. किती वजनाला फुटला, तो आकडा खरा. सिमेंटच्या किती पिशव्या लागल्या, बिल किती झालं, कंत्राटदार किती गोड बोलला, याला तिथे किंमत नाही.

काही वर्षांपूर्वी एका बालगृहाच्या दुरुस्तीची पाहणी करायला गेलो होतो. नळ किती, संडास किती, खाटा किती, गळती कुठे, सगळं लिहिलं. विद्यापीठात समाजकार्य शिकणारी एक मुलगी तिथे प्रशिक्षणाला होती. आमच्या तक्त्याकडे बघून ती म्हणाली, "साहेब, इथून बाहेर पडलेलं मूल दहा वर्षांनी काय करतंय, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?" आम्ही हसलो. ते आमच्या खात्याचं काम नव्हे, असंही म्हणालो असू. पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढे तिनेच आम्हाला बुखारेस्टची हकिकत सांगितली.

रुमानियात 1989च्या डिसेंबरात चाउशेस्कूची सत्ता कोसळली, तेव्हा तिथल्या सरकारी बालगृहांत एक लाखाहून अधिक मुलं होती. अन्न होतं, पाळणे होते, आयाही होत्या. पण एका आयेकडे इतकी मुलं, की उचलून घ्यायला कोणी नाही. 2001च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली 136 लहान मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची निम्मी-निम्मी वाटणी केली. निम्मी मुलं संस्थेतच राहिली, निम्मी प्रतिपालक कुटुंबांत गेली. फॉस्टर केअर म्हणतात ती हीच रीत: मूल दत्तक नव्हे, पण घर मात्र खरं.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणेल, लहान मुलांवर कसले प्रयोग करता? आम्हीही हेच म्हणालो होतो. पण त्या वेळी बुखारेस्टमध्ये अशी घरं जवळजवळ नव्हतीच. संशोधकांनीच कुटुंबं शोधली, शिकवली, त्यांना मानधन दिलं. संस्थेत राहिलेल्या मुलाला नंतर आईबाप परत न्यायला आले किंवा सरकारने घर मिळवून दिलं, तर त्यांनी अडवलं नाही. तरीही मनाला टोचतं, ते टोचू द्यावं.

साडेतीन वर्षांच्या वयात मोजलं तेव्हा संस्थेतल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी 77 होता, घरात गेलेल्यांचा 86 आणि जन्मापासून आपल्याच आईबापांजवळ वाढलेल्या मुलांचा 103. आणखी बारकाईने पाहिलं तर दीड वर्षाच्या आत घर मिळालेली मुलं 94 पर्यंत पोचली होती, अडीच वर्षांनंतर गेलेली 80 वरच थांबली. म्हणजे घर मिळालं का, एवढंच नव्हे. कधी मिळालं, हेही महत्त्वाचं. रुमानियाने 2004 साली कायदा केला, की गंभीर अपंगत्व नसेल तर दोन वर्षांखालचं मूल संस्थेत ठेवायचं नाही. अभ्यासकांनी मात्र तिथे थांबून पाठ फिरवली नाही. तीच मुलं आठ वर्षांची झाली, बारा वर्षांची झाली, तेव्हाही ते जाऊन बघत राहिले. बाराव्या वर्षी दिसलं, की ज्यांचं घर मध्येच बदललं त्यांच्या वागण्यात अडचणी जास्त होत्या. ज्यांना पहिलंच घर टिकून मिळालं ती मुलं सावरली होती.

हे ऐकलं आणि आमचा चेहरा उतरला. कारण सांगतो.

2021च्या दुसऱ्या लाटेत आमची मेव्हणी आणि साडू दोन आठवड्यांच्या अंतराने गेले. मागे सात वर्षांचा मुलगा. चौदाव्या दिवशी सगळे बसलो. कोणीही मागे हटलं नाही, हे आवर्जून सांगतो. उलट प्रत्येक जण म्हणत होता, आमच्याकडे राहू दे. मग सगळ्यांना पटेल असा तोडगा निघाला: एकेक वर्ष प्रत्येकाकडे. पहिलं वर्ष काकांकडे नवसारीला, दुसरं मामाकडे अहमदाबादला, तिसरं आमच्याकडे. कोणावर भार नको, कोणाला वाईट वाटायला नको. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, त्यातला प्रकार. फरक इतकाच, की तिथे फक्त जेवण फिरतं होतं. आम्ही आख्खं घरच फिरतं केलं. तीन वर्षांत तीन शाळा.

सरकारच्या पालक माता-पिता योजनेतून त्याला महिना 3000 रुपये मिळतात. ते आले का, हे आम्ही दर महिन्याला पाहत होतो. मार्क पाहत होतो, ते ठीक होते. मुलगा शहाणा होता, हट्ट करत नव्हता. लोक म्हणायचे, किती समंजस आहे. त्याचा टूथब्रश मात्र न्हाणीतल्या पेल्यात नसायचा, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असायचा. आमच्या पत्नीने तो दोनदा काढून पेल्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दप्तरात.

2024च्या एप्रिलमध्ये परीक्षा संपली त्या संध्याकाळी त्याने विचारलं, "आता कुणाकडे?"

रडत विचारलं नाही. गाडी किती वाजता आहे, असं विचारावं तसं विचारलं.

सिमेंटच्या पिशव्या मोजत बसलो होतो आम्ही. ठोकळा फोडून पाहायचं सुचलंच नाही. त्याच रात्री काकांना आणि मामांना फोन केले. तो आता इथेच राहील, सुट्टीत तुमच्याकडे येईल, असं ठरवलं. मामा थोडे दुखावले. ते साहजिक आहे, पण आम्ही बधलो नाही. या जूनमध्ये त्याचं आमच्याकडे तिसरं वर्ष सुरू झालं.

आपल्या बडोद्याला हे सांगायला नको. 1875 साली कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ इथे दत्तक आला आणि सयाजीराव झाला. पण त्याला एक घर मिळालं आणि तेच राहिलं. दर वर्षी वाडा बदलला असता तर काय झालं असतं, कोण जाणे.

नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांवर परदेशात बरंच संशोधन झालं आहे. परक्या कुटुंबांतल्या मुलांपेक्षा त्यांचं घर सहसा कमी वेळा बदलतं आणि वागणंही बरं राहतं, असं त्यातून दिसतं. आपल्या बाल न्याय कायद्यानेही 2015 पासून संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. म्हणजे कायदा आपल्या बाजूचा आहे. नातेवाईकही आपल्याकडे कमी नाहीत. कमी आहे ते नंतर जाऊन बघणं. आम्ही सरकारी माणसं अनुदान किती वाटलं ते चोख लिहितो, त्यापुढचा रकाना आमच्या तक्त्यातच नसतो.

आता थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपलं मंडळही दर श्रावणात गरजू मुलांना वह्या-पुस्तकं देतं. स्मरणिकेत फोटो येतो. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतली मुलं आज कुठे आहेत? आम्ही कार्यवाहांना विचारलं, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ठाऊक नाही.

म्हणून एक वही केली आहे. ज्या घरी आई-वडील नसलेलं नातेवाइकांचं मूल वाढतंय, त्यांच्यासाठी. वहीत मुलाचं नाव नसेल, फक्त क्रमांक. वर्षातून दोनदा चारच गोष्टी लिहायच्या: या वर्षात घर बदललं का, शाळा बदलली का, त्याला मनातलं बोलायला एक तरी माणूस आहे का, आणि चौथी म्हणजे त्याला स्वतःला काय हवंय. चौथी गोष्ट त्यालाच विचारायची. आम्ही तीन वर्षं विचारली नव्हती. शिवाय अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून नोंद बंद करायची नाही. खरी ओढाताण तिथूनच सुरू होते.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही आणि पत्नी मंडळाच्या वाचनालयात बसू. पहिलं पान आमच्या घरचं आहे, ते भरलेलं आहे. टूथब्रश सध्या पेल्यात असतो. नवसारीला जाऊन आला की दोन-तीन दिवस पुन्हा दप्तरात जातो, तेही लिहिलं आहे.