एका पातळ पटलाची कामगिरी
(विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



ऊर्जेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे धरणे, कोळशाच्या खाणी आणि उंच धुराडी उभी राहतात. आज मी आपले लक्ष केसाहूनही पातळ अशा एका पटलाकडे वेधू इच्छितो. हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांचे भवितव्य पुष्कळ अंशी या पटलावर अवलंबून आहे.

पाण्यातून वीज सोडली असता हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात, हे आपण शाळेत पाहिले आहे. इंधनघटात याच्या नेमकी उलट क्रिया घडते. विल्यम ग्रोव्ह यांनी हे तत्त्व १८३९ च्या सुमारास दाखवून दिले. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन अलग होतात. पटल प्रोटॉनला वाट देते आणि इलेक्ट्रॉनला अडविते. अडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घेतात. हाच आपल्याला हवा असलेला विद्युतप्रवाह. पलीकडे ऑक्सिजनशी सर्वांचा संयोग होऊन केवळ पाणी उरते.

असे पटल प्रथम वापरण्याची कल्पना जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील टॉमस ग्रब यांनी १९५५ साली मांडली. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी-५ यानाने असे घट अवकाशात नेले. परंतु त्यांतील पटल पॉलिस्टायरीनचे होते आणि घटात चालणाऱ्या रासायनिक क्रियांनी त्याची साखळी झिजत असे. अपोलो यानांसाठी मग अल्कलीयुक्त घट निवडले गेले. पुढे ड्यूपाँ कंपनीतील वॉल्थर ग्रोट यांच्या संशोधनातून नाफिऑन निघाले. त्याचा कणा टेफ्लॉनसारखा चिवट असून त्याला सल्फोनिक आम्लाच्या शाखा जोडलेल्या असतात. कण्यामुळे टिकाऊपणा येतो, तर शाखांमुळे प्रोटॉनला वाट मिळते.

तथापि, ही वाट ओली असावी लागते. पटलातील पाण्याच्या आधारानेच प्रोटॉन पुढे सरकतात. म्हणून असे घट साधारणतः ८० अंश सेल्सिअसच्या आसपास चालवितात. तापमान १०० अंशांपलीकडे गेल्यास पटल सुकते आणि प्रवाह मंदावतो. पाणी फार झाले, तर वायूंचे मार्गच तुंबतात. शिवाय ही पटले महाग आहेत, आणि फ्लोरिनयुक्त पदार्थ निसर्गात सहजी विघटित होत नाहीत. यावर उपाय म्हणून फॉस्फरिक आम्ल मुरविलेल्या पॉलिबेन्झिमिडाझोलची पटले पुढे आली. ती पाण्यावाचून सुमारे १६० अंशांवर काम करतात. मात्र पाणी साचल्यास त्यांतील आम्ल वाहून जाण्याची भीती असते. निर्दोष पटल अद्याप कोणाच्याही हाती आलेले नाही.

या शोधात आपले पुणे शहरही मागे नाही. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एका उद्योगसंस्थेच्या सहकार्याने विकसित केलेल्या इंधनघटावर २०२० मध्ये मोटार चालवून पाहण्यात आली. २०२२ मध्ये बसही सादर झाली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे.

मित्रहो, हायड्रोजन कोळशापासून वा नैसर्गिक वायूपासून काढला, तर धूर केवळ रस्त्यावरून कारखान्यात जाईल, हेही विसरता कामा नये. आणि हायड्रोजन आपला, परंतु पटल परक्याचे, अशी स्थिती राहिली तर स्वावलंबन अपुरेच ठरेल. स्वस्त, टिकाऊ आणि निसर्गाला न बाधणारे पटल घडविणे हे रसायनशास्त्रापुढील काम आहे. ते आपल्या पिढीने हाती घ्यावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.