श्रेयनामावलीबाहेरची माणसे

(अंधेरी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने संगीतावर का बोलावे, असे कोणास वाटेल. परंतु गाणे हेदेखील माणसांच्या श्रमातून निर्माण होते. आणि जेथे श्रम आहे तेथे मोबदला कोणाला, श्रेय कोणाला, हे विचारणे माझ्या विषयाचेच काम आहे. शिवाय मी जन्माने व श्रद्धेने ख्रिस्ती आणि विचाराने समाजवादी आहे. या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्याचेही उत्तर या निमित्ताने द्यावयाचे आहे.

मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ १९७७ साली आला. १५ ऑगस्टला गांधीजींच्या पुतळ्यापाशी ताटातूट झालेले तीन भाऊ तीन धर्मांत वाढतात. त्यांतला अँथनी ईस्टरच्या मेजवानीत एका प्रचंड अंड्यातून बाहेर येतो आणि आपले नाव गाऊन सांगतो. लोक पोट धरून हसले. पण अँथनी गोन्साल्विस हे नाव एका खऱ्या माणसाचे होते. गोव्यातील माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि गुरूचे ऋण म्हणून त्यांचे नाव गाण्यात आले. १९५८ साली त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम साधणारा वाद्यवृंद उभा केला. २०१२ च्या जानेवारीत ते निवर्तले. देशाला नाव पाठ आणि माणूस अनोळखी, असा हा प्रकार आहे.

हे एकट्याचे दुर्दैव नव्हे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ही विद्या घेऊन तरुण पोटासाठी मुंबईला आले. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती पन्नास वादकांकडून वाजवून घ्यावयाची तर प्रत्येक वाद्याची ओळ कागदावर उतरविणारा माणूस लागे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्टियन डिसोझा यांनी, सी. रामचंद्र यांच्यासाठी चिक चॉकलेट यांनी असे काम केले. श्रेयनामावलीत त्यांची नावे आलीच तर ‘सहायक’ म्हणून. वादकाला ध्वनिमुद्रणाच्या पाळीचे पैसे मिळत. गाणे पुढे कितीही वर्षे वाजले तरी त्याचा हिशेब तेथेच मिटे. ज्याला आपण गिरणीत वरकड मूल्य म्हणतो, ते येथे सुरेल होते एवढाच फरक. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला, हे स्वागतार्ह आहे. संयोजकाच्या श्रमाचा प्रश्न मात्र समाजाने अद्याप पुरता विचारलेला नाही.

पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस तर बहुधा दारुडा, विनोदी आणि अर्धवट हिंदी बोलणारा. जणू तो या मातीतला नव्हेच! येथून जवळच सीप्झच्या आवारात १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. या परिसरातल्या ईस्ट इंडियन गावठाणांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणताना बायका आपल्या मराठी बोलीत गाणी म्हणत आल्या, घुमट वाजत आले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. धर्म बदलला म्हणून गळा परका होत नाही.

आता श्रद्धेविषयी. लहानपणी मी चर्चच्या गायनवृंदात मधल्या स्वरांची ओळ गात असे. ती ओळ एकटी गायली तर चालही वाटत नाही. चारही ओळी मिळाल्या म्हणजे तिचा अर्थ कळतो. कामगार संघटना मला पुढे समजली ती या शिकवणीमुळे. तेरावे पोप लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात समाजवादावर टीका केली, ती मला मान्य नाही. परंतु काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढे वेतन ही मालकाची कृपा नसून न्याय आहे, असेही त्यांनी तेथेच बजावले. चर्चने दानधर्म पुष्कळ केला. वेतनाचा प्रश्न त्या मानाने कमी विचारला, हे ख्रिस्ती म्हणूनच मी बोलतो.

आणि आपण? जॉर्ज फर्नांडिस धर्मगुरूचे शिक्षण सोडून मुंबईच्या कामगारांत आले आणि १९६७ साली त्यांनी स. का. पाटील यांना हरविले, हे प्रत्येक कार्यकर्ता सांगतो. १९७४ च्या रेल्वे संपात नोकरी गमावलेल्यांपैकी पाच नावे तरी आपल्याला सांगता येतील काय? आपल्या चळवळीलाही श्रेयनामावली आहे, आणि तिच्यातही ‘सहायक’ गाळले गेले आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अंधेरी, मरोळ, बोरिवली, मुलुंड येथील प्रत्येक शाखेने एक वही घालावी. आपल्या वस्तीतील वृद्ध वादक, कोरस गायिका, संपात बडतर्फ झालेले कामगार यांच्याकडे जावे. त्यांनी काय काम केले, काय मिळाले, काय बुडाले, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. ही माणसे वयस्क आहेत; उशीर परवडणारा नाही. ज्या पक्षाला श्रमिकांचे राज्य आणावयाचे आहे, त्याला श्रमिकांची नावे तरी ठाऊक असली पाहिजेत.