‘स्कूल’ म्हणजे फुरसत
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



स्कूलची फी, स्कूलचा युनिफॉर्म, स्कूलची घंटा. दिवसातून दहा वेळा आपण हा शब्द वापरतो. त्याचा मूळ अर्थ सांगितला तर विद्यार्थी खूष होतील आणि पालक बहुधा माझ्यावर रागावतील. शब्द मूळचा ग्रीक, ‘स्खोले’. आणि त्याचा अर्थ आहे फुरसत!

पोटापाण्याच्या धडपडीतून मोकळा झालेला वेळ हाच माणसाचा खरा वेळ, असे ग्रीक विचारवंत मानीत. कामधंद्याला त्यांचा शब्द होता ‘अस्खोलिया’, म्हणजे फुरसत नसणे. आपले नेमके उलटे आहे. ज्याला काम नाही त्याला आपण ‘बेकार’ म्हणतो. काम करायचे ते फुरसत मिळावी म्हणून, असे ॲरिस्टॉटलने मांडले आहे. या मोकळ्या वेळात चर्चा होऊ लागल्या, चर्चेची व्याख्याने झाली, आणि पुढे जिथे व्याख्यान होई त्या जागेलाच ‘स्खोले’ म्हणू लागले. ग्रीसमध्ये आजही शेवटच्या अक्षरावर जोर देऊन ‘स्खोली’ म्हटले तर विद्यालय, आणि पहिल्यावर जोर दिला तर सुट्टी!

पण ही फुरसत होती कोणाला? अथेन्सच्या सुखवस्तू नागरिकाला. त्याच्या घरी आणि शेतावर गुलाम राबत, बायका चूल आणि माग सांभाळत. ही गोष्ट विसरून ग्रीकांचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

रोमन लोकांनी शब्द उचलला आणि त्याचे ‘स्कोला’ केले. लहान मुलांच्या शाळेसाठी त्यांच्याकडे ‘लूदुस’ हा शब्द आधीपासून होता, आणि त्याचा अर्थ खेळ! हा गोड शब्द मागे पडला याचे मला शिक्षक म्हणून वाईट वाटते. पश्चिमेतले रोमन साम्राज्य लयाला गेले, पण चर्चने आणि मठांनी लॅटिन भाषा जपली. इ.स. 789 मध्ये शार्लमेन बादशहाने मठांत आणि बिशपांच्या ठिकाणी मुलांसाठी शाळा असाव्यात असे फर्मान काढले. जिथे जिथे लॅटिन शिकवणारा पाद्री गेला, तिथे तिथे हा शब्द पोहोचला. जर्मनांचे ‘शूले’, इटालियनांचे ‘स्कुओला’, रशियनांचे ‘श्कोला’ ही सारी एकाच घरची भावंडे.

आता एक गंमत पाहा. आपल्याकडे कोणी ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ म्हटले की वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्यांनी जरा थांबावे. शब्दाच्या आरंभी ‘स’ला जोडाक्षर आले की त्यापुढे स्वर लावण्याची सवय अर्ध्या युरोपला आहे. स्पॅनिश लोक ‘एस्कुएला’ म्हणतात, हंगेरीत ‘इश्कोला’, तर वेल्श भाषेत ‘अस्गोल’. फ्रेंचांनी आधी ‘ए’ लावला आणि मागाहून ‘स’ खाऊन टाकला, राहिले ‘एकोल’. फिनलंडच्या लोकांना जोडाक्षरच नको होते, त्यांनी ‘कोउलू’ केले. पोर्तुगीजांचे ‘एस्कोला’ तर जहाजातून गोव्यात उतरले, आणि कोकणीत शाळेला ‘इस्कोल’ म्हणू लागले. तेव्हा ‘इस्कूल’ म्हणणारा मुलगा अडाणी नव्हे, तो फार मोठ्या बिरादरीतला आहे.

आपल्या परिचयाचे अरबी शब्द वेगळ्या वाटेने आले. ‘मदरसा’ म्हणजे जिथे दर्स दिला जातो ती जागा, ‘मकतब’ म्हणजे लिहिण्याची जागा. तुर्कस्तानात पूर्वी ‘मेक्तेप’ म्हणत. 1930 नंतरच्या भाषासुधारणेत त्याऐवजी ‘वाचणे’ या अर्थाच्या तुर्की धातूवरून ‘ओकुल’ शब्द घडवला गेला, तोही फ्रेंच ‘एकोल’चा कानोसा घेऊन! मूळ ग्रीक शब्दाचा पडसाद असा तिथेही पोहोचला.

शब्द सगळीकडे गेला, अर्थ मात्र वाटेतच राहिला. इमारत म्हणजे शाळा, एवढेच आपल्या मनात उरले. पालकांनो, फी तुम्ही भरता, वह्या-पुस्तके घेता, हे मी जाणतो. पण माझ्या वर्गातला एक मुलगा पहाटे दूध घालून येतो आणि दुसऱ्या तासाला डुलक्या घेतो. एका मुलीचा गृहपाठ कधीच पुरा होत नाही, कारण धाकट्या भावंडांचे सारे तिच्याकडे असते. दोघांची हजेरी चोख आहे.

इंग्लंडच्या कापडगिरण्यांत लहान मुले राबत, तेव्हा 1833 च्या कायद्याने 9 ते 13 वर्षांच्या मुलांना रोज दोन तास शाळा सक्तीची केली. मुलाने शाळेत हजेरी लावल्याचा दाखला गिरणीमालकाकडे असावा लागे. कित्येक दाखल्यांवर शिक्षकाच्या सहीऐवजी नुसती फुली असे, कारण शिक्षकालाच लिहिता येत नव्हते! 1844 च्या कायद्याने शिक्षकाने दाखला स्वतःच्या हाताने भरावा असे बंधन घातले, आणि मुलांचे कामाचे तास साडेसहावर आणून शाळेचे तीन केले. या अर्धवेळ मुलांना तिकडे ‘हाफ-टायमर’ म्हणत. ती पद्धत कायमची बंद करण्याचा कायदा व्हायला 1918 साल उजाडले. आपल्या हजेरीपटात ‘हाफ-टायमर’ असा रकाना नाही. पण त्यात बसणारी नावे मी तुम्हाला आता, इथल्या इथे, वाचून दाखवू शकतो.